लंडनचं घर घेतलंत, आता पोरांची पत्रं वेळेवर द्या

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात पदवीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सी-एमएला कोणी आहे त्यांनी पूर्ण वाचा. बाकीच्यांनी अशा घरांपर्यंत पोचवा.

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्याकडे गणपतीच्या कमानींच्या मधे एक नवा बॅनर दिसायला लागलाय. ‘उच्च शिक्षणासाठी परदेशी रवाना, हार्दिक शुभेच्छा’. ब्लेझर घातलेला मुलगा नाहीतर मुलगी, डोक्यावर साहेबांचे चार फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून अख्खं मंडळ. काळाचौकीतून पोरं लंडन, डब्लिन, टोरंटोला जातायत याचा आनंद मलाही आहे. ज्या घरातले आजोबा डबा घेऊन इंडिया युनायटेडच्या गेटवर पाळीला उभे राहायचे, त्याच घरातली ही तिसरी पिढी. पण त्या बॅनरवर एक गोष्ट कधीच छापलेली नसते. फी कोणी भरली?

बापाने भरली. म्हणजे बापाने कर्ज काढलं.

हिशोब सांगतो. 30 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, 10 वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता साधारण 41 हजार 300 रुपये. शिकत असताना चढलेलं व्याज यात धरलेलंच नाही. सिक्युरिटीत, कुरिअरमध्ये, मेडिकलच्या दुकानात कामाला असलेल्या आपल्याकडच्या किती बापांचा पगार या हप्त्याएवढा आहे? बरं, तारण काय ठेवणार? साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते. चाळीतली पागडीची खोली नाक्यावरच्या गप्पांत कोटीच्या भावाने बोलली जाते, पण बँकेच्या टेबलावर ती भाड्याची खोली. तिची किंमत शून्य. मग गावचा सातबारा बाहेर निघतो, आजीच्या पाटल्या निघतात. तेही नसलं तर विनातारण कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्या आहेतच, त्यांचं व्याज बँकेपेक्षा चढं.

एवढं करून पुढचा भरवसा काय, तर ‘तिकडे नोकरी लागली की फेडेल’. कॅनडाने जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि खर्चासाठी दाखवायची रक्कम 10 हजार डॉलरवरून थेट 20,635 केली. अमेरिकेने 2025 च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणंच काही आठवडे थांबवलं, आणि सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर 1 लाख डॉलरचा आकार लावला. नियम ते बदलणार, हप्ता मात्र काळाचौकीतून जाणार.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो ते सांगतो. परदेशात शिकायचं म्हणजे घर गहाण टाकायचं, हे खरं नाही. दरवर्षी भारतातली हजारो मुलं एक रुपया फी न भरता, उलट महिन्याला भत्ता घेऊन बाहेर शिकतात. ती काही आपल्या पोरांपेक्षा दुप्पट हुशार नसतात. त्यांना दीड वर्ष आधी कोणीतरी सांगितलेलं असतं. आपल्याकडे ते सांगणारा माणूस नाही, आणि नसण्याला कारण आहे.

आपल्याकडे सांगायला बसलाय तो कन्सल्टंट. दादरला जा, परळला जा, काचेच्या केबिनमध्ये एसी लावून बसलेला असतो. ‘समुपदेशन मोफत’. मोफत कसं परवडतं हे आपण विचारत नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातली बरीच विद्यापीठं पोरगं आणून दिलं की एजंटला फीच्या टक्केवारीत कमिशन देतात. यात बेकायदेशीर काही नाही, ते लपवतही नाहीत. पण हिशोब बघा. जो पोरगा फी भरतो, त्याच्या फीवर कमिशन. ज्याची फी माफ, त्याच्यावर कसलं कमिशन? मग कुठला एजंट म्हणेल, ‘बाळा, तू फी भरू नकोस, प्रोफेसरला मेल लिही’? रूम विकणारा दलाल तुम्हाला ‘आहे तिथेच राहा’ असं सांगेल का?

म्हणून मी सांगतो. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. लोकल पाक्षिकात लिहिणारा, पत्रकारितेचा डिप्लोमा संध्याकाळच्या वर्गात केलेला माणूस. नळ, गटार आणि पुनर्विकास हे माझे विषय. पण गेली काही वर्षं पोरं कागद घेऊन येतात, इंग्रजीत काय लिहिलंय ते विचारतात, त्यातून जे कळलं ते हे.

अमेरिकेत विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या पीएचडीला प्रवेश मिळाला की बहुतेक विद्यापीठांत फी माफ असते आणि वर पगारासारखा भत्ता मिळतो. त्याच्या बदल्यात खालच्या वर्गांना शिकवायचं, पेपर तपासायचे नाहीतर प्रोफेसरच्या प्रयोगशाळेत काम करायचं. याला तिकडे टीचिंग असिस्टंट, रिसर्च असिस्टंट म्हणतात. म्हणजे ही खैरात नाही, नोकरी आहे. अर्ज बहुतेक डिसेंबरमध्ये भरायचे, उत्तरं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि आपण होकार कळवायची नेहमीची तारीख 15 एप्रिल. सध्या तिकडच्या सरकारने संशोधनाचे पैसे कापल्यामुळे काही विद्यापीठांनी जागा कमी केल्यात, तेव्हा एकाच देशावर भिस्त ठेवू नका. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फीच नाही (काही ठिकाणी बाहेरच्यांना लावायला लागलेत, नीट बघून घ्या). तिथे राहण्याखाण्यासाठी वर्षाचे 11,904 युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. ते पैसे कुणाच्या खिशात जात नाहीत, दर महिन्याला आपल्यालाच परत मिळतात. पण आधी उभे तर करावे लागतात. युरोपची इरास्मुस मुंडुस नावाची योजना आहे, दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांचं मिळून मास्टर्स. शिष्यवृत्ती मिळाली तर फी त्यांची आणि महिन्याला 1,400 युरो. ब्रिटनची चिव्हनिंग आहे, तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्सला तीन वर्षांचा. म्हणजे पदवीनंतर नोकरीला लागलेल्या आपल्या पोरांनी ‘आता वय गेलं’ म्हणायचं कारण नाही. उलट त्यांच्यासाठीच आहेत या.

यातली एकही गोष्ट गुपित नाही. पण हे सगळं उभं राहतं तीन शिफारसपत्रांवर आणि ‘मला हे का शिकायचंय’ या दोन पानांवर. शिफारसपत्र मागायला गेलं की आपल्या कॉलेजात सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ इंग्रजी लिहिताना ज्याची बोबडी वळते त्या पोराने स्वतःचंच कौतुक स्वतःच लिहायचं! तिकडचा प्रोफेसर दोन ओळींत ओळखतो की हे कोणाचं हस्तकौशल्य आहे. शिवाय अर्जाची फी वेगळी, इंग्रजीच्या परीक्षेची वेगळी. आयईएलटीएसची एका वेळेची फीच 17-18 हजार. तिथेच निम्मी पोरं गळतात, आणि ही गळती कुठल्याच सरकारी आकड्यात दिसत नाही.

आता सरकारकडे वळतो. पण त्याआधी काळाचौकीहून परळला चला. चालत जाता येतं.

परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब 1912 पासून दोन दशकांहून जास्त राहिले. याच काळात ते शिकायला बाहेर गेले. हे आपण भाषणांतून ऐकतो, पण ते पैशाच्या अंगाने कधी बघत नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. जून 1913 मध्ये करारावर सह्या झाल्या. जुलै 1913 मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचलेले होते, कोलंबिया विद्यापीठात. पत्र, पैसे, बोटीचा प्रवास, सगळं धरून दोन महिन्यांच्या आत. टाइपरायटर आणि तारेच्या जमान्यात.

1917 ला शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून 5 हजार रुपये उसने घेतले, तेव्हा 1920 मध्ये परत लंडन. म्हणजे बाबासाहेबांएवढ्या माणसालासुद्धा पैसे संपले की बोट धरून परत यावं लागलं. बुद्धी तीच होती, पैसा थांबला होता.

आज त्याच शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या 75 मुलांसाठी. इतर समाजघटकांसाठी वेगवेगळ्या खात्यांच्या वेगळ्या योजना आहेत. योजना चांगली आहे, तिच्यावर गेलेली पोरं आज मोठ्या जागी आहेत, ते मी नाकारत नाही. पण 2024 साली काय झालं आठवा. जाहिरात आली जूनमध्ये, आणि तिच्यात अट घातली की दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे 75 टक्के हवेत. बाबासाहेबांना मॅट्रिकला 750 पैकी 282 होते. म्हणजे अडतीस टक्केही नाहीत. त्यांचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद झाला असता, आणि तोही शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत! पोरांनी आंदोलन केलं, ओरड झाली, तेव्हा ती अट मागे घेतली. ज्याने ती अट लिहिली त्या अधिकाऱ्याला कोणी काही विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

केंद्राची योजना वेगळी. नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती, 125 जागा, देशभरासाठी. फेब्रुवारी 2022 मध्ये तिच्या नियमांत बदल झाला की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातला समाज या विषयांवरच्या संशोधनाला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. आता बघा. 9 मे 1916 ला कोलंबियात बाबासाहेबांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. त्यांनी बाहेर जाऊन अभ्यास केला तो इथल्याच दुखण्याचा. त्यांच्याच समाजातल्या पोरांना आज सांगायचं की बाहेर जा, पण आपल्या घराबद्दल तोंड उघडू नका. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पुढे 2025 चा जुलै. केंद्राच्या त्याच योजनेत 106 जणांची निवड झाली. पहिल्या फेरीत पत्र मिळालं फक्त 40 जणांना. उरलेल्या 66 जणांना कळवलं, निधी उपलब्ध झाला तर. अहो, सप्टेंबरला वर्ग सुरू होतात! ‘झाला तर’ यावर कुठलं विद्यापीठ जागा धरून ठेवणार? कुठला दूतावास व्हिसा देणार?

आणि भत्त्याची गंमत ऐका. या योजनेत ब्रिटनमध्ये राहण्या-खाण्यासाठी वर्षाला 9,900 पौंड. ब्रिटिश सरकारने जानेवारी 2025 मध्ये व्हिसासाठी लंडनमधल्या खर्चाचा हिशोब महिन्याला 1,483 पौंड केला, आणि तेव्हा तो नऊ महिन्यांचा दाखवायला लागायचा. नऊ गुणिले 1,483, झाले 13,347. म्हणजे आपलं सरकार बारा महिन्यांना जे देतं ते त्यांचं सरकार नऊ महिन्यांनाही पुरणार नाही असं मानतं. मधल्या फरकाचे पैसे त्या पोराने आणायचे कुठून? ज्याच्या घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत आहे म्हणूनच त्याला निवडलंय, त्याने?

2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनमधलं 10, किंग हेन्रीज रोड हे घर विकत घेतलं. 1921-22 मध्ये बाबासाहेब विद्यार्थी म्हणून तिथे राहिले होते. किंमत 30 लाख पौंडांहून जास्त. घ्यायलाच हवं होतं, त्या निर्णयाचं मी तेव्हाही स्वागत केलं होतं, आजही करतो. इंदू मिलचं स्मारकही व्हायलाच हवं. पण विद्यार्थी बाबासाहेब जिथे राहिले ते घर जपायचं आणि आजच्या विद्यार्थ्याला त्याच शहरात खोलीचं भाडं पुरणार नाही एवढा भत्ता द्यायचा, हे एकाच वेळी कसं चालतं? स्मारकाच्या फितीला मंत्री वेळेवर येतात. पोरांच्या पत्रावर सही करायला मात्र साहेब दौऱ्यावर असतात.

माझ्यासमोरची गोष्ट सांगतो. आमच्या भागातली मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी, वडील वॉचमन, आई पोळ्या लाटून देते. बाहेरच्या चांगल्या विद्यापीठाची ऑफर हातात. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला. कुठलं खातं ते लिहीत नाही, तिचा पुढच्या वर्षीचा अर्जही त्याच टेबलावर जाणार आहे. विद्यापीठ म्हणालं, अमुक तारखेपर्यंत डिपॉझिट भरा नाहीतर जागा जाईल. इकडे यादीचा पत्ता नाही. दोनदा मी तिच्याबरोबर त्या कार्यालयात गेलो. ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच उत्तर. तिने फक्त एक गोष्ट मागितली, ‘निवड झाली तर पैसे मिळतील असं एका कागदावर लिहून द्या, मी विद्यापीठाला दाखवते.’ तशी पद्धत नाही म्हणाले. तारीख गेली, जागा गेली. वडिलांनी कुणाकडून तरी पैसे उचलायची तयारी केली होती, तिनेच अडवलं. आता ती एका लॅबमध्ये रक्त-लघवीचे नमुने तपासते, महिना अठरा हजारावर. तिच्या नावाचा बॅनर लागला नाही.

मला माहितीये, खाली कमेंटमध्ये काय येणार. ‘करदात्यांच्या पैशावर परदेशवाऱ्या कशाला? गेलेले परत येतात का?’ पहिली गोष्ट, काळाचौकीतला माणूस काडेपेटीवरसुद्धा कर भरतो, तेव्हा करदाते फक्त टॉवरमध्ये राहतात असं समजू नका. दुसरी गोष्ट, परत येण्याची अट घाला की. बडोद्याने घातली होती, दहा वर्षं संस्थानची नोकरी. बाबासाहेब ती पाळायला बडोद्याला गेलेही. त्या शहराने त्यांना राहायला खोली दिली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. तेव्हा अट मोडते ती दर वेळी जाणाऱ्याकडूनच असं नाही. आणि काही जण खरंच परत येत नाहीत, हेही मान्य. पण स्वतःच्या पैशाने गेलेल्या साहेबांच्या मुलांना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

‘इथली विद्यापीठं आधी सुधारा’ असंही कोणी म्हणेल. सुधारा ना, कोण अडवतंय? ती सुधारेपर्यंत ही मुलगी चाळिशीची होईल.

मागणी साधी आहे, आणि बरीचशी बिनखर्चाची. शिष्यवृत्तीची जाहिरात मे-जूनमध्ये नको, नोव्हेंबरमध्ये काढा. तेव्हाच जगभरचे अर्ज सुरू असतात. निवड मार्चअखेर संपवा. ज्याची निवड झाली त्याला त्याच आठवड्यात सशर्त हमीपत्र द्या, प्रवेश पक्का झाला की पैसे देऊ असं. भत्ता त्या त्या देशाच्या व्हिसाच्या आकड्याला बांधा, म्हणजे तो आकडा वाढला की हा आपोआप वाढेल. एवढं करायला नवीन कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. शिवडीच्या आमदारांनी आणि दक्षिण मुंबईच्या खासदारांनी यावर एक तरी प्रश्न सभागृहात विचारावा. विचारला तर त्यांच्या बॅनरचा फोटो मी स्वतः छापीन.

आणि मंडळांनो, तुम्हालाही. वह्यावाटप, दहावी-बारावीचा गुणगौरव, ट्रॉफी, नारळ हे सगळं करता, उत्तम. पण दहावीला ट्रॉफी दिलेला पोरगा पदवीला पोचला की तुमच्या यादीतून गायब होतो. ट्रॉफ्यांच्या पैशातून दरवर्षी पाच मुलांची इंग्रजीच्या परीक्षेची फी भरा. अभ्यासिकेत एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी एक टेबल मांडा आणि आपल्याच वस्तीतून भत्त्यावर बाहेर शिकून आलेल्या एखाद्याला महिन्यातून एक रविवार तिथे बसवा. अशी माणसं आहेत, लालबाग-परळमध्ये मी स्वतः भेटलोय. त्यांना कोणी बोलावत नाही.

ज्यांच्या घरी यंदा ऑफर लेटर आलंय आणि शिष्यवृत्तीच्या यादीत अडकलंय, त्यांनी मला इनबॉक्स करा. विद्यापीठाची डिपॉझिटची तारीख, अर्ज भरल्याची तारीख आणि शेवटचं उत्तर मिळाल्याची तारीख, एवढ्या तीनच गोष्टी कळवा. नावं कुठेही जाणार नाहीत, तारखा मात्र सगळ्या एकत्र करून मंत्रालयात देणार आहे. आणि कुठल्या एजंटने तुम्हाला कर्जाशिवाय बाहेर शिकायला मार्गच नाही असं सांगितलं असेल, तर कुठेही सही करायच्या आधी एकदा फोन करा. रात्री दहापर्यंत जागा असतो.